शेकड्यावरचे पाच करकोचे

धुळ्यात माझ्या बोलण्यावर कडता कापला जायचा. कापसाच्या गाडीवर कापतात तसाच. गाडी बाजारात येते, अडत्या मूठभर कापूस उचलतो, नाकाशी नेतो, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करतो आणि म्हणतो, "ओल आहे, पाला आहे, माती आहे. मणामागे एवढं वजा." त्या वजाबाकीचं नाव कडता. आमच्या देवपूर भागात माझ्या शब्दाचा कडता ठरून गेला होता. रुपयातले चार आणे खरे, बारा आणे ओल आणि पाला. पुलावर शंभर बैलगाड्या अडकल्यात असं मी सांगितलं, की ओट्यावरची मंडळी मनात पंचवीस धरायची आणि निवांत पानाला चुना लावत बसायची.

मी तेव्हा देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. न पाहिलेले समुद्र आणि न चढलेले डोंगर रोज पाच तास सांगायचे म्हटल्यावर माणसाची जीभ आखूड कशी राहणार? पण एक सांगतो, मी खोटं कधी बोललो नाही. खऱ्याला जरा जेवू घालायचो, इतकंच. आमच्या खानदेशच्या उन्हात खरं बिचारं वाळून काडी झालेलं असतं. तसंच्या तसं लोकांपुढे उभं करायला मला लाज वाटायची.

तर या कडत्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली, आणि ते वाचवायला जे पक्षी आले ते थेट हिमालयाच्या पलीकडून आले.

माझी आत्या पारोळ्याला दिलेली. आई-वडिलांमागे माझं बघणारी ती एकटीच. तिनं स्थळ काढलं ते तापीकाठचं. मुलीचे वडील केळीचे मोठे बागायतदार. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा, म्हणून आम्हीही नाना. दसरा झाला आणि आत्या मला घेऊन मुलगी बघायला गेली. जाताना एसटीत तिनं मला बजावलं, "तिथे तोंड उघडायचं ते फक्त पोहे खायला."

मी कबूल केलं. पण पोहे संपले. नाना समोर पाय दुमडून बसलेले, आत्या नजरेनं मला दाबून धरतेय, आणि कोणीच बोलेना. अशी शांतता मला सोसत नाही. नाना सहज म्हणाले, "यंदा तुमच्याकडे उन्हाळा लय होता म्हनतात?" झालं! मी म्हटलं, "उन्हाळा? अहो, वैशाखात पांझरेतला एक मासा घोटभर पाण्यासाठी चालत आमच्या ओट्यापर्यंत आला होता."

आत्यानं डोळे मिटले. नानांनी बशी खाली ठेवली. आणि माजघराच्या दाराआडून मुलीचा आवाज आला, "मग दिलं का पाणी?"

मी आजवर हजार गोष्टी सांगितल्या असतील. (तुम्ही अडीचशे धरा.) पण पुढे काय झालं हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे पहिल्या वाक्यालाच कडता कापून मोकळे व्हायचे. ही मुलगी माशाच्या तहानेची चौकशी करत होती. मी त्याच क्षणी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर त्या माशासारखा दारोदार फिरेन.

आठ दिवसांनी नाना माझी चौकशी करायला देवपुरात आले. चार घरी विचारायची रीत आहे. नानांनी चौदा घरी विचारलं. चौदाही घरांनी एकच सांगितलं. पोरगा निर्व्यसनी, पगार नियमित, मन मोकळं. फक्त बोलण्यावर कडता कापून घ्या.

नाना सरळ पारोळ्याला गेले आणि आत्याला म्हणाले, "अक्का, जल्मभर म्या बाजारात कडता सोसला. आता तो जावयाच्या रूपानं घरात आनू काय? मले ज्याचा आकडा पक्का तो मानूस पाहिजे. बाकी काही नको."

नानांचा स्वतःचा आकडा म्हणजे तापीकाठी कायदा होता. उभ्या बागेच्या बांधावरून एक चक्कर मारली की आत किती घड ते सांगायचे, आणि कापणीला तेवढेच निघायचे. दोन भावांच्या वाटणीत वाद झाला की लोक पंचांना नंतर बोलवायचे, नानांना आधी.

आत्या हार मानणारी नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांच्या तोंडून काय ऐकता? तुमच्या डोळ्यांपुढे त्याला मोजू द्या. तो मोजणारच आहे दिवाळीनंतर, आमच्या इथल्या तलावावर."

"काय मोजनार?"

"पाखरं," आत्या म्हणाली. हे सांगताना आपलीच मान शरमेनं खाली गेली, असं तिनं मला मागाहून सांगितलं.

आता या पाखरांचं ऐका. देवपुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. अंगानं सडपातळ, चष्मा जाड, आणि पक्षी म्हटलं की तहानभूक विसरणारे. त्यांना मुंबईच्या कुठल्याशा पक्षिप्रेमी मंडळींचं पत्र आलं होतं. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून करकोचे येतात, ते तुमच्या भागात किती उतरतात ते दोन सकाळी मोजून कळवा, मोबदला मिळणार नाही. शेवटचं वाक्य वाचून सरांना भरून आलं. त्यांनी गावभर स्वयंसेवक मागितले. मिळालो तीन. आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर, शाळेचा शिपाई आणि मी. ड्रॉइंग मास्तर आले ते तलावाकाठचा हुरडा डोळ्यांपुढे ठेवून. शिपाई आला तो मास्तर आले म्हणून. मी मात्र मनापासून गेलो. ज्या पाखरांनी हिमालय ओलांडला, त्यांची गोष्ट कितीही फुगवली तरी कमीच पडेल, हे मी ताबडतोब ओळखलं होतं.

दिवाळीपूर्वी एका रविवारी सरांनी सराव घेतला. पद्धत सोपी होती. करकोचे पहाटे तलावावरून उठतात आणि रांगा करून शेतांकडे जातात. डोक्यावरून दहा गेले की उजव्या खिशातली एक वस्तू डाव्या खिशात टाकायची. शेवटी डावा खिसा मोजायचा. वस्तू म्हणून सरांनी शेजारच्या शेतातून नुकत्या उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या. आता खानदेशी माणसाच्या खिशात ओल्या शेंगा द्यायच्या आणि त्यानं त्या एका खिशातून दुसऱ्या खिशात नेताना वाटेत तोंड लागू द्यायचं नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तासाभरानं सरांनी खिसे तपासले. ड्रॉइंग मास्तरांचे दोन्ही रिकामे.

"पक्षी आलेच नाहीत?" सरांनी विचारलं.

"पुष्कळ आले," मास्तर दाढ कोरत म्हणाले. "टरफलं मोजा की."

टरफलांवर शिपाई बसला होता. दुसऱ्या वेळी सरांनी शेंगांऐवजी खडे दिले. "खड्यांत काय राम आहे?" असं म्हणून ते दोघे जे गेले ते परत आले नाहीत. स्वयंसेवक उरलो मी एकटा.

अशा त्या मोजणीला आता नाना येणार होते. अट त्यांनी घातली. दोन सकाळी दोघांनी वेगवेगळं बसून मोजायचं. आकडा चिठ्ठीवर लिहून घडी करून सरांच्या हातात द्यायचा. विसाच्या आत फरक निघाला तर पुढचं बोलू. जास्त निघाला तर पोरीचं नाव काढायचं नाही.

मला धडकी भरली ती मोजण्याची नव्हे. मी मोजायला पक्का आहे. खरा आकडा नीट माहीत असल्याशिवाय तो फुगवता येत नाही, हे या धंद्यातलं पहिलं गणित. भीती वेगळीच होती. जन्मात पहिल्यांदा मला खरं सांगून निभवायचं होतं, आणि त्याचा मला सराव नव्हता.

कार्तिकातली ती पहाट अशी थंड होती की आत्यानं दिलेला चहा पेल्यातून ओठांपर्यंत येताना दोनदा थांबला. आम्ही तलावावर गेलो. बांधाला लागून भुईमूग काढून हरभरा पेरलेलं शेत, त्यात राखणीचा माळा, माळ्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारे आबा गोफण घेऊन बसलेले. करकोचे हरभऱ्याचे कोंब उपटून खातात म्हणून ते त्यांना हाकलायला बसत. आम्ही मोजायला बसलेलो.

"मास्तर, काय करी र्‍हायनात?" आबांनी वरून विचारलं.

"पाखरं मोजतोय, आबा."

"कसाले?"

"मुंबईला कळवायचंय."

आबांनी विचार केला. "मुंबईवाला लई जातीन का त्या?"

"नाही. नुसतं कळवायचं."

"मंग बठ्ठा लई जा म्हना," आबा म्हणाले, म्हणजे सगळीच घेऊन जा म्हणा, आणि पुन्हा घोंगडीत शिरले.

सरांनी नानांना एका बाभळीखाली बसवलं, मला पन्नास पावलांवर दुसऱ्या बाभळीखाली, आणि स्वतः मध्ये दुर्बीण घेऊन उभे राहिले. दुर्बीण एका निवृत्त सुभेदाराकडून मागून आणलेली. तिच्या एका काचेला तडा होता, त्यामुळे प्रत्येक करकोचा दोन दिसायचा. सर आकडा निम्मा करायचे, मग आपण सगळेच निम्मे केले की काय या शंकेनं पुन्हा दुप्पट करायचे. त्यांचा आकडा शेवटपर्यंत "हजार ते तीन हजार" असाच राहिला. म्हणजे पंच म्हणून त्यांचा उपयोग नव्हता.

तांबडं फुटलं आणि तलाव उठला. पाणी राखाडी दिसत होतं. ते पाणी नव्हतंच, पाठी होत्या. आधी कुर्र कुर्र असा गळा काढला एकानं, मग दहांनी, मग सगळा तलाव घसा खाकरून उभा राहिला. रांगेमागून रांग आमच्या डोक्यावरून जाऊ लागली. मान पुढे, पाय मागे, मध्ये दोन वल्ही. सूर्य वर आला, करकोचे आडवे गेले तसा विझला, आणि ते गेल्यावर पुन्हा उगवला. मी एका सकाळी सूर्य सात वेळा उगवलेला पाहिला. यावर कडता कापायचा असेल तर खुशाल कापा. सहा तरी नक्की.

पण मोजताना मी एक पाखरू इकडचं तिकडे केलं नाही. खडे उजव्यातून डाव्यात. हात बधिर, डोळ्यांत पाणी, मान मोडायला आलेली. शेवटची रांग गेली तेव्हा आकडा झाला एक हजार तीनशे चौऱ्याहत्तर. माझ्यातला जुना माणूस कानाशी म्हणाला, नुसते दीड हजार कर, शोभून दिसतील. मी त्याला हाकलला. जसा होता तसा आकडा लिहिला, घडी घातली, सरांना दिली.

सरांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. माझी एक हजार तीनशे चौऱ्याहत्तर. नानांची एक हजार तीनशे नऊ.

"पासष्ट," नाना म्हणाले. पागोटं सारखं केलं. "पासष्ट चढवले. धुळेवाले खोटं नाही सांगत."

"नाना, देवाशप्पथ–"

"देवाले कशाले मधात घेता मास्तर? त्याले तरी मोजता येतं."

हजारदा फुगवून बोललो तेव्हा लोक हसले, आणि एकदा तोलून-मापून खरं सांगितलं तर खोटा ठरलो. नाना दुपारच्या गाडीनं निघायचंच म्हणत होते, पण सरांनी हात जोडले, मुंबईला दोन सकाळी कळवायच्यात म्हणाले. नाना शब्दाला जागणारे. "दोन दिवस म्हटलं तर दोन दिवस. पन पोरीचा विषय संपला."

आत्याच्या घरी जेवणं झाली, म्हणजे त्यांची झाली. मी पडवीत खांबाला टेकून बसलो होतो. तेवढ्यात आत्याच्या म्हशीसाठी कडब्याची गाडी आली. नव्या ज्वारीचा कडबा, पाच शेकडे पेंढ्या. गाडीवान वरून पेंढ्या फेकणार, खाली कोणीतरी मोजायला हवं. आत्या नानांना म्हणाली, "तुमच्यासारखा मोजणारा अंगणात असताना मी कशाला घसा फोडू?"

नाना खुलले. धोतर खोचून उभे राहिले. "टाक रे!"

"लाभ!" पहिली पेंढी पडली. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही मापाची रीत. "दोन, तीन, चार…" पेंढ्या पडत होत्या, नानांचा आवाज घड्याळासारखा चालला होता. "अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर." मग गाडीवानानं आणखी एक पेंढी टाकली. नाना काही बोलले नाहीत. नुसता हात हलवला. दुसरी टाकली, हात हलवला. अशा पाच. आणि मग पुन्हा, "लाभ!"

शेकड्याला पाच वर. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कडबा घ्या, केळीचे घड घ्या, आंबे घ्या; शंभर मोजून झाले की पाच वरचे द्यायचे, आणि ते मोजायचे नाहीत. नाना घडांवर पाच वर देत आले, कडब्यावर पाच वर घेत आले. चाळीस वर्षं. आता हाताला विचारावंही लागत नव्हतं. शंभर झाले की तोंड आपोआप मिटायचं, पाच जाऊ द्यायचं, आणि पुन्हा लाभ.

मी खांबापासून सरळ झालो. तेरा शेकडे. तेरा पंचे पासष्ट.

या माणसानं करकोच्यांवरही पाच वर सोडले होते! हिमालयावरून इतके लांब उडत आलेले पासष्ट करकोचे नानांनी हात हलवून वरच्या हिशेबात घातले होते. कोणाला दिले होते ते परमेश्वर जाणे. गिऱ्हाईक तर समोर कोणी नव्हतं.

माझं तोंड उघडं पडलं होतं. पुढच्या शेकड्याच्या वरच्या पाच चालल्या होत्या तेव्हा नानांची माझी नजरानजर झाली. मी तोंड मिटलं.

आत्याला कोपऱ्यात नेऊन मी सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "मग जा आणि सांग त्यांना."

"काय सांगू? की तापीकाठच्या कायद्याला शंभरापुढे मोजता येत नाही?"

"अरे पण तू खरा ठरशील."

"खरा ठरेन आणि बिनलग्नाचा राहीन. मुलीच्या बापाला चारचौघांत चुकीचं ठरवून कोणाचं लग्न झालंय, आत्या?"

आत्यानं जरा विचार केला. "तुझ्या आतोबांचंही झालं नसतं," ती म्हणाली आणि म्हशीला कडबा घालायला गेली.

दुसऱ्या सकाळी मी बाभळीखाली बसलो तो सगळं ठरवूनच. आज नानांच्या मापानं मोजायचं. दहा खडे पडले की शेकडा, मग पाच पाखरं जाऊ द्यायची, मग पुढे. तुम्हाला हे सोपं वाटेल. करून बघा. ती वरची पाच पाखरं नेमकी अशी हळू जायची, मान वळवून माझ्याकडे बघत, की "आम्ही काय पाप केलं मास्तर?" एक तर मला ओरडून काहीतरी बोललंही, करकोच्यांची भाषा येत नसल्यानं ते मी इथे देत नाही. खरी होती एक हजार दोनशे अडुसष्ट. बारा शेकड्यांचे साठ सोडून मी चिठ्ठीवर लिहिलं, एक हजार दोनशे आठ. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली खोटं बोललो. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. वर खोटं बोलताना कधी खोडावं लागलं नव्हतं.

सरांनी माझी चिठ्ठी उघडली. "एक हजार दोनशे आठ."

मी नानांकडे बघून जावयासारखा हसलो.

सरांनी नानांची उघडली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली. "एक हजार दोनशे अडुसष्ट," असं म्हणाले आणि दुर्बीण गळ्यात असतानाच मटकन बांधावर बसले. "अहो, तुम्ही दोघं एकाच तलावावर मोजताय ना?"

नाना ताडकन उठले. तोंड लालबुंद. "काल पासष्ट चढवले, आज साठ उतरवले! मास्तर, तुम्ही मानूस हायेत का तराजू? म्या आज वरचे पाच नाही सोडले, बठ्ठे धरले, तुमच्या बरोबर आकडा यावा म्हनून–" आणि ते थांबले.

"तुम्ही आज वरचे पाच नाही सोडले?" मी विचारलं.

"नाही. काल कडबा मोजताना तुमचं तोंड उघडं पडलं. म्या म्हटलं, हा मानूस काय पाहून ऱ्हायला? मग मलेच दिसलं." नानांनी मान दुसरीकडे वळवली. "वाटलं, आता येईल मास्तर सांगाले, गावभर करील माहा तमाशा. दिवेलागणीपर्यंत वाट पाह्यली. तुम्ही काही आले नाही." मग एकदम वळून, बोटांवर, "बारा शेकडे. बारा पंचे साठ. मास्तर… तुम्ही सोडले काय वरचे?"

"सोडले."

"काहून?"

"तुमच्याशी जुळावं म्हणून."

"म्हंजे काल लिवलं ते खरं."

"हो."

"आन् आज लिवलं ते खोटं."

"हो."

नाना पाण्याकडे वळले. पाण्यात आता एक बगळा तेवढा उरला होता. माळ्यावरून आबांचा आवाज आला, "भाऊ, पाखरे उडी गयात बठ्ठा! आते कसाले भांडतस?"

"चौदा घरं फिरलू," नाना हळू म्हणाले. "बठ्ठ्यांनी सांगतलं, मास्तर आकडा फुगवतो. स्वतःच्या आकड्यावर स्वतः कडता कापतो, हे एकानं नाही सांगतलं. चाळीस वर्सं बाजार पाह्यला मास्तर. असा अडत्या मले कुठं भेटला नाही." मग खाकरले. "लबाडी येते तुम्हाले. पन नफ्याची जमत नाही. अशा मानसाले पोरगी द्याले हरकत नाही. ती हिशेबात पक्की हाये, सांभाळून घेईल."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तो खिशातले खडे सगळे त्यांच्या पावलांवर सांडले. सर मात्र अजून बांधावरच बसले होते. "ते सगळं ठीक," ते काकुळतीनं म्हणाले, "पण मुंबईला काय कळवू?"

मुंबईला पहिल्या सकाळचा माझा आकडा आणि दुसऱ्या सकाळचा नानांचा, असे दोन्ही खरे कळवले. महिन्यानं उत्तर आलं. पत्र मोठं सभ्य होतं. आपल्या परिश्रमांबद्दल आभारी आहोत. तथापि नव्या, उत्साही निरीक्षकांकडून अशा संख्या थोड्या वाढीव येतात असा अनुभव असल्यानं आम्ही आपल्या तलावाची नोंद "सुमारे एक हजार" अशी घेत आहोत.

मला हसू आलं. माझ्या शब्दावर मुंबईपर्यंत कडता पोचला होता. पण नाना! त्यांचा आकडा जन्मात कोणी कापला नव्हता. ते तापीकाठावरून पहिल्या गाडीनं देवपुरात आले, सरांच्या दारात उभे राहून मुंबईचा पत्ता मागितला, आणि माझ्याकडून कार्ड लिहवून घेतलं. मजकूर त्यांचाच. "आमचा आकडा बरोबर आहे. पाहिजे तर शेकड्याला पाच करकोचे वर घ्या, पण खालून कापू नका." त्याचं उत्तर काही आलं नाही. पुढच्या हंगामात मोजणीचं पत्र आलं ते मात्र थेट नानांच्या नावानं आलं, आणि नाना ते सहा महिने पागोट्यात घेऊन हिंडत होते.

लग्न माघात झालं, तापीकाठी, मुलीच्या दारात. बोलणीत ठरलं होतं की नवऱ्याकडची शंभर माणसं. आत्यानं कितीही आवरलं तरी देवपूरचा ओटा, ड्रॉइंग मास्तर, शिपाई आणि सर धरून ती एकशे पाच झाली. माळ्यावरचे आबासुद्धा घोंगडी घेऊन आले होते. सकाळी पाखरं हाकलायची नसली की माणसाला करमत नाही म्हणाले. मांडवाच्या दारात केळीचे दोन खुंट बांधलेले, आणि मधोमध नाना उभे. मला वाटलं, आता हे परत पाठवतात की काय. मी मुद्दाम मागे राहिलो, आत्या, सर, शिपाई आणि आबांबरोबर.

"लाभ!" नाना म्हणाले आणि ड्रॉइंग मास्तर आत गेले. दोन, तीन, चार. नव्याण्णव. शंभर.

मग नानांनी तोंड मिटलं, मान बागेकडे वळवली आणि नुसता हात हलवला. आम्ही पाच जण आत गेलो. मी नवरदेव होतो, मुंडावळ्या बांधल्या होत्या, तरी मला कोणी मोजलं नाही.

अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. त्या गलक्यात कापडापलीकडून हळूच आवाज आला, "मासा आणलात का?"

मी म्हटलं, "आलाय. वरच्या पाचांत."